रविवारच्या लाल जिभा

आमच्या लोरेत गावात बाईनं काल काय शिवलं हे तिला विचारावं लागत नाही. तिनं जीभ दाखवली की झालं. निळी असेल तर निळी फुलं, पिवळी असेल तर पिवळी. फुलं शिवायची ती मूसच्या, म्हणजे आमच्या रानातल्या घोड्याएवढ्या सांबराच्या, रंगवलेल्या केसांनी; ते कोरडे असताना वाकत नाहीत, वाकवायला जावं तर कडकन मोडतात. म्हणून ते तोंडात धरायचे. चार-सहा केसांची जुडी, टोकं ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, बाकीचं आत थुंकीत मऊ होऊ द्यायचं. मग ती चामड्यावर ठेवायची, जरासा पीळ द्यायचा आणि बारीक दोऱ्यानं टाका टाका घालत बांधून न्यायची. जुडी बोटभर लांब, संपली की तोंडातून दुसरी. एका फुलाला अशा पन्नास-साठ लागतात, आणि तेवढा वेळ बाईचं तोंड बंद. आमचे नवरे म्हणतात, देवानं मूस जन्माला घातला तो नवऱ्यांची दया येऊनच. म्हणू देत. शिकार गावात आली की मांस कोणाला किती मिळालं ते आम्ही नंतर बघतो, मानेवरचे लांब केस कोणाला मिळाले ते आधी बघतो. त्यावरून दोन बहिणी सात वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

जीभ रंगते म्हणून कोणाचं काही अडत नव्हतं. आमच्या आयांच्या वेळी रंग मुळ्यांचा आणि सालींचा होता, तो जिभेला फारसा धरत नसे. आता दुकानातून पुडी येते. तिचा लाल असा चिवट की शनिवारी तोंडात धरला तर सोमवारपर्यंत हटत नाही.

मग नवे फादर आले. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत आले, वय असेल अठ्ठावीस, गाल गुळगुळीत, बूट चकचकीत. वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणते. आजाऱ्याच्या घरी न बोलावता जायचा, लाकडं फोडू लागायचा. पण नवा गडी, नवं राज्य. मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, प्रसादाची पांढरी चकती जिभेवर घ्यायला आम्ही वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून ओळीनं जिभा बाहेर काढायचो, आणि याला त्या ओळीत निळ्या, पिवळ्या, लाल जिभा दिसायला लागल्या. पहिले काही आठवडे बिचारा गोंधळला. आम्हाला काही रोग झालाय असं त्याला वाटलं म्हणे. नंतर कोणीतरी त्याला कारण सांगितलं, आणि रोग परवडला असता असं आम्हाला झालं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांतला पहिला रविवार होता. फादर कठड्याशी एकेकीला प्रसाद देत आले आणि झेफिरीनला वगळून पुढे गेले. झेफिरीन माझ्या समोरच्या घरात राहते. बोलायला तिखट, मनानं लोणी. तिला वाटलं, चुकून राहिलं. ती तशीच जीभ काढून बसून राहिली. शेवटी फादर ओळीच्या टोकाला जाऊन माघारी वळले तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि ती उठून जाग्यावर आली ती मान खाली घालूनच. तिची जीभ निळी होती.

त्यानंतर फादरनी सगळ्यांना उद्देशून सांगितलं, की रविवार देवाचा, त्या दिवशी सुई धरणं पाप. आणि दुसरं, प्रसादाआधी मध्यरात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही हा नियम, तर केस तोंडात घातला की उपास मोडला. त्यातून हे उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, आणि केस तर जनावराचा!

"उचलली जीभ अन् लावली टाळ्याला," मी घरी येऊन थिओफिलला म्हणाले. थिओफिल म्हणजे माझा नवरा. "झेफिरीननं शनिवारी शिवलं होतं. रंग दोन दिवस राहतो हे त्याला कोणी सांगायचं?"

"तू सांगायचंस," तो म्हणाला.

मी नाही सांगितलं. कोणीच नाही सांगितलं. झेफिरीनला तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला आणि आम्ही सगळ्या काय केलं, तर शनिवारी संध्याकाळी राख आणि मीठ घेऊन जिभा घासायला लागलो. काहीजणी गुरुवारनंतर फक्त पांढरे केस वापरायला लागल्या. मीही घासली. खोटं कशाला बोलू? रक्त येईपर्यंत घासली, आणि रविवारी कठड्याशी ती स्वच्छ जीभ बाहेर काढली तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

एकटी मावशी हसली. "मूसचा केस म्हणजे मटण झालं होय?" ती खाटेवरून म्हणाली. "मग मी साठ वर्षं मटणच खातेय की गं. तरी अंगावर मूठभर मांस नाही, ते कसं?"

कॉर्देली माझी मावशी. आई मला सहा महिन्यांची ठेवून गेली, तेव्हापासून मी हिच्याच मांडीवर वाढले. माय मरो, मावशी जगो म्हणतात ते माझ्या बाबतीत अक्षरशः तसंच झालं. नऊ वर्षांची असताना तिनं पहिला केस तोंडात धरला, आता एकोणसत्तराव्या वर्षात होती. तिच्या हातची मोकासिनं, म्हणजे आमचे मऊ चामड्याचे जोडे, ओळखायला मला दिवा लागत नाही. चामडं धुरावून, सालीच्या काढ्यात बुडवून काळंभोर केलेलं, त्याच्यावर पांढऱ्या केसाची कड, आत लाल पाकळ्या, आणि घोट्याभोवतीच्या पट्टीला टिनच्या इवल्या शंकूंमधून लोंबणारे लाल केसांचे झुबके. चाललं की ते शंकू एकमेकांवर किणकिणतात. ही मोकासिनं शहरातल्या मडमांनी घातली, लष्करातल्या साहेबांनी बायकांसाठी समुद्रापलीकडे नेली, एका जोडीला म्हणे काचेच्या पेटीत ठेवलंय. आणि मावशीच्या पायात काय? साधं तपकिरी चामडं, टाचेला ठिगळ. आमच्या सगळ्यांच्याच पायांत तेच. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, असं ती म्हणायची, पण हसत म्हणायची, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही.

नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणापासून मावशीनं खाट धरली. पाय सुजले, दोन पावलं टाकली की धाप लागायची. शहरातल्या दुकानासाठी एक जोडी तिनं नाताळात सुरू केली होती. डावा जोडा पुरा झाला आणि तिची बोटं थरथरायला लागली. शुक्रवारी फादर तिला बघायला आले. म्हणाले, "कॉर्देलीबाई, तुम्ही चर्चला यायचे कष्ट घेऊ नका. मी प्रसाद घरी आणून देईन."

मावशी म्हणाली, "पाय आहेत मला."

फादर हसले. मला वाटतं, त्यांना ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. मलाही तसंच वाटलं.

शनिवारी दुपारी मी म्हटलं, मंगळवारी दुकानाची बर्फावरची घसरगाडी येईल, तोवर मावशीचा उजवा जोडा आपण पुरा करावा. सगळे तुकडे कापून ठेवलेले होते. मी तळवा हातात घेतला आणि थांबले. हा तळवा दुकानाच्या मापाचा नव्हता. चांगला दोन बोटं जास्त रुंद होता, आणि अंगठ्याशी बाहेरून फुगलेला.

"मावशी, हे पाऊल कोणाचं गं? शहरात एवढा रुंद पाय कुठल्या बाईचा?"

"माझा."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा! नाताळात कापलं तेव्हाच कोळशानं माझ्या पावलाभोवती रेघ मारली. पुढे सुजणार हे धरून."

मी बघतच राहिले. "आणि दुकानाला काय द्यायचं?"

"दुकानाला सांग, म्हातारी मेली."

"अगं, पण मेलीस कुठे?"

"मरते की. घाई काय आहे?" तिनं उशीवरून मान वर केली. धाप लागत होती तरी आवाज खणखणीत होता. "ऐक, ओदील. साठ वर्षं मी दुसऱ्यांच्या पायांवर फुलं फुलवली. एकदा माझ्या. उद्या मिस्साला मी हा जोड घालून जाणार. दारापासून कठड्यापर्यंत चालत. आणि प्रसाद घेणार. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"पुढच्या रविवारी जाऊ ना. आज काम पुरं होणार नाही."

"पुढचा रविवार कोणी बघितलाय?"

वैदू म्हणाला होता, नदीचं बर्फ फुटेपर्यंत काढली तर खूप. आणि मला तर दिसतच होतं, तिचे ओठ सकाळचे निळे असायचे.

उजव्या जोड्याच्या पावलावर येणाऱ्या चामड्याच्या पानावर फक्त पांढरी कड झाली होती. लाल फूल सगळंच व्हायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "मावशी, आत पांढरंच भरते. छान दिसेल. शोभेल तुझ्या वयाला."

"एका पायावर लाल फूल अन् एकावर पांढरं? मी काय उसनं आणलंय?"

"अगं, पण लाल केस म्हणजे..."

"म्हणजे लाल जीभ. माहितेय मला. झेफिरीनला टाळलं तसं तुला टाळेल. म्हणून घाबरतेस?"

"मला टाळू दे गं. तुला टाळलं तर? हा प्रसाद..." पुढचं माझ्यानं बोलवेना.

"शेवटचा असेल, असं म्हणायचंय ना? म्हण की. म्हटल्यानं मी लवकर जात नाही."

"मग हे हात दाखवून अवलक्षण कशाला? घरी आणून देतो म्हणतोय तो. साधं पांघरूण घेऊन, स्वच्छ जिभेनं..."

"ओदील!" ती असं ओरडली की चुलीपाशी बसलेला थिओफिलसुद्धा दचकला. तो बर्फावर चालायच्या चौकटींना वादी विणत होता, ती त्याच्या हातून सुटली. "मी काय पाप केलंय, की देवानं माझ्याकडे मागच्या दारानं यावं?"

मी शिवायला घेतलं. पण कशी? आधी घोट्याची पट्टी घेतली. मग तिच्या आत रेशमी फीत लावली. मग मावशीनं आधीच झुबके भरून ठेवलेले टिनचे शंकू एक एक करून बसवले. मग टाचेची शिवण. पावलावरचं पान पुरं झाल्याशिवाय जोडा बांधता येत नाही, हे शेंबड्या पोरीलासुद्धा कळतं, तरी मी बाकीचं सगळं आधी करत होते आणि लाल केसांच्या पुडक्याकडे बघतसुद्धा नव्हते. उजेड गेला तेव्हा फक्त लाल फूल उरलं होतं. मावशी सगळं बघत होती. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी उजाडताच खिडकीपाशी बसले. आता पळवाट नव्हती. पुडकं घ्यायला हात पुढे केला तर पुडकं नव्हतंच. वळून बघते तर मावशी खाटेवर उठून बसलेली, तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाल केसांची टोकं बाहेर. तिनं एक जुडी काढली, दोन बोटांनी निथळवली आणि माझ्यापुढे धरली.

"मावशी, काय करतेस? थुंक आधी!"

तिनं मान हलवली. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलता येईना, पण तिचे डोळे म्हणत होते, शिव.

मी शिवलं. ती एक एक जुडी देत गेली, मी पीळ देऊन बांधत गेले. छप्पन्न जुड्या. माझ्या ओठांना एक केस लागला नाही. तिनं माझी जीभ वाचवली आणि मी वाचवू दिली. हे सांगताना आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. फूल पुरं झालं, पान तळव्याला चुणी घालून जोडलं, शेवटची गाठ मारली, आणि वर बघितलं. मावशीची हनुवटीसुद्धा लाल झाली होती. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले.

"हनुवटी पूस," ती म्हणाली. "जीभ माझी मी बघीन."

जोडा तिच्या पायात बसला. सुजलेल्या पायात, सुरकुती न पडता बसला. तिनं पाय थोडा हलवला, शंकू किणकिणले, आणि ती लहान पोरीसारखी हसली. "अगं बाई," म्हणाली, "हे एवढं मऊ असतं होय!"

थिओफिलनं तिला घसरगाडीवरून चर्चच्या दारापर्यंत आणलं. दारातून पुढे तिनं त्याला हात लावू दिला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चालायला लागली. एक पाऊल, थांबणं, श्वास, दुसरं पाऊल. चर्चमध्ये सगळे बसलेले होते. जुन्या भाषेतलं आमचं भजन चालू होतं, ते शेवटच्या बाकावरून पुढे पुढे गप्प होत गेलं. माणसं तिचं तोंड बघत होती. बायका तिचे पाय बघत होत्या. बायकांना काय सांगावं? आम्ही बाकाजवळून जाताना झेफिरीन माझ्या कानाशी कुजबुजली, "उजव्यातलं फूल तुझं ना गं? टाके ढिले आहेत."

"गप बस," मी म्हटलं.

"नाही, चांगलं आहे. पण मावशीचं नाही."

प्रसादाची वेळ झाली. मी मावशीला कठड्याशी आणलं, गुडघ्यांवर बसवलं, तिच्या डाव्या हाताला मी बसले. माझ्यापलीकडे झेफिरीन, मग बाकीच्या, अकराजणी. फादर उजवीकडून देत देत आले. मावशीपुढे उभे राहिले. मावशीनं तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली.

मी आयुष्यात तसला लाल बघितला नाही. ओठांपासून घशापर्यंत लालभडक, अजून ओला.

फादरचा हात हवेतच थांबला. "कॉर्देलीबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हे आजचं आहे?"

मावशीनं जीभ आत घेतली. "आज सकाळचंच. ताजं आहे," ती म्हणाली, आणि परत जीभ काढली.

हो, आम्ही रविवारी शिवलं होतं. झेफिरीनला त्यांनी न केलेल्या पापासाठी टाळलं, मावशीनं केलेलं त्यांच्या तोंडावर सांगितलं. फादरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला वाटतं, ती खोटं बोलली असती तर त्यांना दिलासा मिळाला असता. ते एक पाऊल सरकले आणि माझ्यापुढे आले.

माझी जीभ स्वच्छ होती. पांढरा प्रसाद माझ्या तोंडासमोर होता, आणि माझ्या उजव्या हाताला मावशी जीभ काढून बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. काय झालं मला माहीत नाही. विचार केला असता तर मी तोंड उघडलं असतं, कारण विचार करून मी आयुष्यात कधी कोणाशी वाकडं वागले नाही. मी ओठ मिटले. दातांवर दात दाबून मिटले.

"ओदील," फादर म्हणाले.

मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

ते झेफिरीनपुढे गेले. झेफिरीननं तर मुद्दाम दोन्ही ओठ आत दुमडून घेतले. तिच्यापुढची म्हातारी आनेस, जिनं सत्तर वर्षांत एकही प्रसाद चुकवला नाही, तिनं आधी मावशीकडे बघितलं, मग फादरकडे, आणि हनुवटी छातीला लावली. अकराच्या अकरा. एकीनंही तोंड उघडलं नाही. फादर ओळीच्या टोकाला पोचले तेव्हा त्यांच्या हातातला प्रसादाचा पेला होता तेवढाच भरलेला होता. पुरुषांच्या बाजूनं थिओफिल उठून आला, ओळीच्या टोकाला बसला आणि त्यानंही जबडा आवळला. त्याच्या मागून आणखी चौघं आले.

फादर परत आले. मावशीसमोर उभे राहिले. तिची जीभ अजून बाहेरच होती. एवढा वेळ जीभ बाहेर ठेवून बघा एकदा, म्हणजे कळेल. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते रडण्याचं नव्हतं.

"कॉर्देलीबाई," ते म्हणाले. आवाजात आता राग नव्हता, विनवणी होती. "मी उद्या घरी येतो. परवा येतो. हा रंग उतरला की लगेच देतो. मला नियम मोडायला लावू नका."

मावशीनं जीभ आत घेतली, आवंढा गिळला. "पोरा," ती म्हणाली, "हा रंग उतरेपर्यंत मी असेन का, ते सांग आधी."

फादरनी हातातल्या पेल्याकडे बघितलं.

"नाही ना सांगता येत? मलाही नाही येत. हे बघ, हात माझे, तोंड माझं. या तोंडानं साठ वर्षं तुमची भजनं म्हटली आणि याच तोंडानं फुलं केली. एक हवं आणि एक नको असं चालणार नाही. द्यायचं तर या जिभेवर दे." एवढं बोलून तिला धाप लागली. ती कठड्याला धरून थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग तिनं परत जीभ बाहेर काढली.

फादरनी डोळे मिटले, उघडले. मग खाली वाकले आणि प्रसाद तिच्या जिभेवर ठेवला. तिनं ओठ मिटले. त्यांचा अंगठा ओल्या जिभेला लागला होता. तो लाल झाला.

ते माझ्यापुढे आले. मी तोंड उघडलं. माझ्या प्रसादाला लाल ठिपका होता. झेफिरीनच्याही. आनेसच्याही. सगळ्यांच्याच, शेवटच्या थिओफिलपर्यंत. फादर कोणाकडे बघत नव्हते. पण मिस्सा संपताना आशीर्वादासाठी त्यांना हात वर करावाच लागला, आणि अख्ख्या लोरेतनं तो अंगठा बघितला.

"अगं बाई," झेफिरीन म्हणाली. ती कुजबुजली, पण झेफिरीनची कुजबुज दुसऱ्या बाकापर्यंत जाते. "फादरनी पण रविवारचं शिवलंय वाटतं!"

आधी आनेस हसली. मग कोण हसलं नाही? देवा, क्षमा कर, मीसुद्धा तोंडावर हात दाबून हसले. फादरनी अंगठ्याकडे बघितलं, मुठीत लपवला, मग परत उघडला. त्यांच्याही ओठांना काहीतरी झालं, ते हसू होतं की काय ते मी सांगू शकत नाही.

बाहेर आलो. ऊन पडलं होतं, वाटेवरचं बर्फ वरून वितळून नुसता लगदा झाला होता. थिओफिलनं घसरगाडी दारापाशी लावली आणि कांबळं उघडून धरलं. मावशीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती पायरी उतरली आणि सरळ त्या लगद्यात पाय ठेवला.

"मावशी!" मी ओरडले. काळं चामडं, रेशमी फीत, छप्पन्न जुड्यांचं फूल. असली मोकासिनं बर्फात कोणी घालत नाही. ती मडमांच्या गालिच्यावर घालायची असतात. "मावशी, अगं भिजतील! वाट लागेल त्यांची! गाडीवर बस!"

मावशी चालत राहिली. चर्चपासून आमचं घर साठ पावलांवर. एक पाऊल, थांबणं, श्वास, मग दुसरं. झेफिरीन, आनेस, सगळ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. मी धावत जाऊन तिचा दंड धरला.

"भिजताहेत गं मावशी, बघ तरी!"

"भिजू देत," ती म्हणाली. "माझी आहेत."